पिंपातली दृष्ट

माती, अग्नी आणि समुद्र यांच्यापुढे कलावंत केवळ निमित्तमात्र असतो. असं माझा मावसभाऊ म्हणायचा, आणि भट्टी पेटवायला नालासोपाऱ्याहून गॅसचा सिलिंडर आणायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जाहिरातींतली नोकरी सोडून त्याने कळंबला एक वाडी भाड्याने घेतली आणि राकूची भांडी करायला लागला. राकू म्हणजे लालबुंद भांडं चिमट्याने भट्टीतून काढायचं, पाल्यापाचोळ्याच्या पिंपात टाकायचं आणि झाकण लावायचं. आत धूर कोंडतो, भांड्यावर नक्षी उमटते. किनाऱ्यावरच्या सुरूची वाळकी पानं, नारळाची सोडणं, केळीची सोपटं, एवढंच तो पिंपात घाली. बाहेरचं काही घालणं म्हणजे निसर्गाच्या कामात ढवळाढवळ.

निसर्गाने त्या हिवाळ्यात त्याची एकूणएक भांडी तडकवली.

त्यातच मुंबईच्या एका गॅलरीच्या बाई रविवारी काम बघायला येणार असं ठरलं. एक तरी अख्खं भांडं दाखवलं तर प्रदर्शन, नाहीतर पुन्हा जाहिराती. त्याला धीर द्यायला म्हणून मी बोळिंजहून आईला घेऊन गेलो.

भट्टीत दोनच भांडी होती. पहिलं बाईंच्या देखत, पिंपात टाकतानाच फुटलं. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"कोणाकोणाला दाखवतोस रे ही भट्टी?" आईने विचारलं.

"येतात लोक, मावशी. बघून जातात."

"तेच म्हणते मी."

ती त्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि मूठ मिटून आली. दुसरं भांडं पिंपात गेलं, तशी तिने ती मूठ पिंपावरून ओवाळली आणि मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या आत टाकल्या.

"मावशी, हे काय?"

"झाकण लाव आधी."

पुढचा बराच वेळ कलेविषयी कोणी काही बोललं नाही. बाई सुरूच्या झाडाला धरून खोकत होत्या. खरी दृष्ट लागलेली असली की मिरचीचा ठसका येत नाही, असं आमच्या घरात मानतात. त्यामुळे आई डोळे पुसत नाराज झाली.

"म्हणजे दृष्ट नव्हतीच. भांडीच तुझी कच्ची."

पण भांडं अख्खं निघालं. काळ्या अंगावर, मीठ पडलं होतं तिथे, नारिंगी झाक आली होती. हे कशानं झालं, असं बाईंनी ओल्या डोळ्यांनी विचारलं.

"समुद्राची हवा," मावसभाऊ आमच्याकडे न बघता म्हणाला.

प्रदर्शनात ते काचेच्या पेटीत होतं. खाली पाटी: 'खाऱ्या वाऱ्याची स्वाक्षरी'. लोक तिच्यापुढे हळू आवाजात बोलत होते. आईने वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "मोहरीचे डाग राहिलेत बघ."

पुढच्या भट्टीच्या आदल्या दिवशी त्याचा आईला फोन आला. मिरच्या नकोत, पण येताना मिठाची पिशवी घेऊन ये, त्याच्याकडचं संपलं होतं.

त्याच्या वाडीच्या फाटकातून समुद्र दिसतो.