मधल्या काकांची सोळा चित्रं

स्टुडिओत त्यांना सगळे मधले काका म्हणत. नव्यानं लागलेल्या मुलींना वाटायचं, तीन भावांतले मधले असतील. तसं काही नव्हतं, काका एकुलते एक. पण हातानं काढलेल्या ॲनिमेत, म्हणजे जपानी धर्तीच्या कार्टून मालिकेत, हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मोठे कलाकार काढतात. हात मांडीवर आहे, हात गालावर आहे. मांडीवरून गालापर्यंत तो कसा पोचला, ती मधली सगळी चित्रं दुसऱ्याच कुणीतरी काढायची असतात. काका तीस वर्षं तेच करत होते. "आमचं काम दिसलं की समजायचं, बिघडलं," असं ते प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगत, आणि वर म्हणत, "तेव्हा माझं कौतुक करायला येऊ नकोस, मी रागावेन."

काचेचं टेबल, काचेखाली दिवा, खिळ्यांवर अडकवलेले कागद. डाव्या हाताच्या बोटांत पाच कागद धरून ते फडफडवत आणि उजव्या हातानं रेघ ओढत. मुख्य चित्राच्या कडेला मोठा कलाकार एक इवलीशी शिडी काढून देतो. पायऱ्या जवळजवळ असतील तिथे हालचाल सावकाश, लांब असतील तिथे भराभर. काकांनी आयुष्यात त्या शिडीची एक पायरी इकडची तिकडे केली नव्हती. सांगितलं तेवढं, सांगितलं तसं.

तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक गेली. एकोणीस वर्षांची. मेंदूला सूज आली, अकरा दिवस दवाखान्यात यंत्रावर होती, आणि एका दुपारी संपलं. पंधरा दिवसांनी काका कामावर आले, पेन्सिलीला टोक केलं आणि अर्धवट राहिलेल्या घोड्याचा मागचा पाय पुरा केला. कुणी काही विचारलं नाही. काकांनीच तशी सोय ठेवली नव्हती.

आता, तीन वर्षांनी, स्टुडिओत जी मालिका चालली होती तिचा नायक एक पोरगा होता. गावची शेकोटी विझू द्यायची नाही, हे त्याच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, म्हणून त्याला राखणदार म्हणत. राखेचा राजा त्याच्या थोरल्या बहिणीला उचलून नेतो आणि आईला शेकोटीपाशी बसवून पोरगा तिच्या शोधात निघतो. हट्टी, तापट, कुणाचं ऐकून न घेणारा. तुटलेली तलवारसुद्धा त्याच्यानं टाकवत नाही, पाठीवर बांधून फिरतो. तेवीस भाग त्यानं प्रत्येक प्रश्नाला दोन हात करूनच उत्तर दिलं होतं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या काकांना आता झोपेतही काढता आल्या असत्या.

चोविसावा भाग म्हणजे शेवटची लढाई. कोसळणारा पूल, उडते साप, आगीचे लोळ, हे सगळं तरण्या मंडळींनी वाटून घेतलं. काकांकडे आली ती त्यानंतरची दोन सेकंदं. राखेची भिंत फुटते, आतून बहिणीचा हात बाहेर येतो, राखणदार तो धरतो. आणि तेव्हा त्याला कळतं की बहीण आणि राजा एकाच निखाऱ्यावर जगताहेत. हात धरून ठेवला तर ती राहील, पण राजाही राहील. सोडला तर दोघंही विझतील. ज्यानं उभ्या जन्मात काही सोडलं नाही, त्यानं आता मूठ उघडायची. पहिल्या मुख्य चित्रात मूठ घट्ट मिटलेली. शेवटच्यात तळवा मोकळा, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. कडेला शिडी, आणि शिडीखाली लिहिलेलं: चेहऱ्यावर शांती. मधली चित्रं अकरा.

काकांना अशी अकरा चित्रं म्हणजे एका सकाळचं काम. तीन दिवस झाले तरी ती झाली नाहीत.

मूठ उघडायची कशी, हे त्यांना येत नव्हतं असं नाही. आधी करंगळी सैल होते, अंगठा सगळ्यात शेवटी. पण कागद फडफडवून बघितले की तो हात कुणाचाच वाटेना. चौथ्या दिवशी दिग्दर्शिका टेबलाशी आली. आठ वर्षांपूर्वी ती याच टेबलाशेजारी बसून रेघ मारायला शिकली होती. आता काका तिला मुद्दाम मॅडम म्हणत आणि ती चिडे.

"काका, तब्येत बरी आहे ना? तुमच्यामुळे काम अडलंय, असं आजवर कधी बोलायची वेळ आली नव्हती."

"मॅडम, हे शेवटचं चित्र चुकलंय."

ती हसली. "माझं चित्र? तीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलंत, तेही माझ्याच वाटणीला?"

"हात सोडल्यावर तळवा असा मोकळा राहत नाही," काका म्हणाले. त्यांची नजर काचेवरच होती. "तो पुन्हा मिटतो. आत काही नसतं, तरी मिटतो. बोटांना कळायला वेळ लागतो. आणि हसू येत नाही."

"पण लोक चोवीस भाग थांबलेत हो. पोरगा मोठा झाला, हे दिसायला नको? रडत असेल, पण मनावरचं ओझं उतरलंय…"

"उतरत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी काचेवरचे कागद नीट जुळवले. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. "मला तसं म्हणायचं नव्हतं, काका." तिनं खुर्ची ओढली, त्यांचीच पेन्सिल उचलली आणि ते मुख्य चित्र बाजूला सारून नवं काढायला घेतलं. मिटलेली रिकामी मूठ. ओठ किंचित उघडे, कुणी काहीतरी विचारलंय आणि उत्तर सुचत नाहीये असे. कपाळावर आठी नाही. तेवीस भागांत पहिल्यांदा त्या कपाळावर एकही आठी नव्हती, आणि त्यामुळेच तो एकदम लहान दिसायला लागला.

"मधली सोळा लागतील," ती म्हणाली. "शिडी तुम्हीच काढा."

तीस वर्षांत काकांनी स्वतः काढलेली ती पहिली शिडी. सोळा चित्रं त्यांनी दोन दिवसांत संपवली. काढताना त्यांना ती दुपार मिनिटामिनिटानं आठवत होती, आणि आठवतेय म्हणून थांबावंसं वाटत नव्हतं. पहिल्या सहांत काहीच घडत नाही, नुसता अंगठा पांढरा पडतो. सातव्यात करंगळी सुटते. बाराव्यात हात रिकामा. मग चार चित्रं तो मिटत जातो.

स्टुडिओत तो भाग सगळ्यांनी एकत्र बघितला. उडते साप आले तेव्हा शिट्ट्या झाल्या. ती दोन सेकंदं आली तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागल्यावर हिशेबनीस बाई, ज्या कार्टून म्हणजे पोरखेळ असं उघड म्हणत, त्या नाक पुसत काकांजवळ आल्या. "काय हो, रडवलंत ना! तुटकी तलवारसुद्धा टाकत नव्हता तो मेला, आणि आता…" दिग्दर्शिका लांबून काकांकडे बघत होती. काका घरी चालत गेले. आपण कुणालातरी सांगून टाकलंय, असं वाटून त्यांना फार हलकं वाटत होतं.

म्हणूनच रविवारी सकाळी, भाग टीव्हीवर लागायच्या आधी, त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत. दिवसभर बारीक नजरेचं काम, म्हणून घरी आल्यावर पडद्याकडे बघायला त्यांना नको वाटे. "तुमची भुतंखेतं तुम्ही बघा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण आज काकांच्या आवाजात काहीतरी होतं. त्या मेथीची जुडी निवडत होत्या, ती तशीच घेऊन आल्या आणि सोफ्याच्या टोकाला टेकल्या.

"हा कोण? चांगला की वाईट?"

"हा नायक. बहिणीला सोडवायला आलाय."

"मग तोंड का असं? घरचे जेवायला घालत नाहीत का?"

काका हसले. थोडं थोडं सांगत गेले. काकू बघता बघता पानं खुडायच्या थांबल्या. राखेची भिंत फुटली. हात आला. अंगठा पांढरा पडला, करंगळी सुटली, मूठ रिकामी मिटली. काकांनी पडद्याकडे बघितलंच नाही, ते बायकोकडे बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी त्यांची खात्री होती. त्यानंतर आपोआप काहीतरी होईल, असं काहीसं त्यांनी मनात धरलं होतं. काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पडद्यावर राजा विझला. मित्रांनी राखणदाराला मिठी मारली. गुरू म्हणाला, आज तू खरा राखणदार झालास. मग एक छोटंसं दृश्य: लांब गावात शेकोटी, शेकोटीपाशी पाठमोरी आई. ती वळतसुद्धा नाही. नावं सुरू झाली.

"छान काढलंय," काकू म्हणाल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी पुन्हा जुडी हातात घेतली. "पण एक सांगा. त्याच्या आईला कुणी विचारलं?"

"काय?"

"मुलगी तिची ना? आणि हा सोडून मोकळा झाला. सगळे म्हणतात शूर. ती तिकडे लाकडं सारत बसलीय, तिला पत्ता नाही. निदान एक निरोप. निदान विचारायचं, आई, सोडू का? नाही म्हणाली असती, तो भाग वेगळा." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मला आपलं वाटलं. तुमच्या गोष्टीत नसेल बसत ते."

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. रिमोट ठेवायला त्यांना जागा सापडेना.

"अगं," ते म्हणाले, "ती आपोआप गेली नाही."

काकूंना क्षणभर वाटलं, गोष्टीतल्या बहिणीबद्दल बोलताहेत. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला.

"तू घरी आली होतीस. आंघोळीला, कपडे न्यायला. चार वाजता डॉक्टर आले. म्हणाले, आता नुसतं यंत्रच चाललंय, ती नाही. किती दिवस असं ठेवायचं. मी सही केली. सव्वाचारला यंत्र काढलं. तू पाच वाजून दहा मिनिटांनी आलीस."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. काकूंनी मान तिकडे वळवली.

"मी तिचा निळा स्वेटर शोधत होते," त्या म्हणाल्या. "तिथे थंडी असायची म्हणून. सापडतच नव्हता. सगळं कपाट उपसलं."

"मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार? फोन केलात का?"

"नाही."

"पंचावन्न मिनिटं," काकू म्हणाल्या. काकांना वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण दुकानात गिऱ्हाईकाला नंबर विचारावा तशा सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "चारपासून सांगा. काही गाळू नका. पडदा लावलेला होता की उघडा?"

"उघडा. ऊन येत होतं पायांवर."

"कुणाच्या?"

"तिच्या."

"मग?"

"डॉक्टर उभेच राहून बोलले. मी म्हटलं, बसा. ते बसले नाहीत. कागद पुढे केला. मग त्यांनी विचारलं…" काका थांबले. तीन वर्षांत त्यांनी ही दुपार हजार वेळा मनात आणली होती, आणि दर वेळी हे एवढं वाक्य ओलांडून पुढे गेले होते.

"काय विचारलं?"

"मुलीच्या आईशी बोललात का, असं."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, बोललोय."

काकूंच्या मांडीवरून जुडी घसरून खाली पडली. ती उचलायला दोघंही वाकले नाहीत.

"मग काय म्हणाले होते मी?" काकूंनी विचारलं. "काय सांगितलंत त्यांना? मी काय म्हणाले?"

"तू हो म्हणालीस."

"मी हो म्हणाले." त्यांनी ते वाक्य एकदा म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा, आणखी हळू. "मी हो म्हणाले. आणि ती ते ऐकत असेल तर?"

काकांनी रिमोट या हातातून त्या हातात घेतला.

"मी नाही म्हटलं असतं," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर विचारलं नाही."

आता मात्र काकू रडल्या. आवाज न करता, बराच वेळ, त्यांच्याकडे पाठ करून. काका जवळ सरकले तेव्हा त्यांनी कोपरानंच त्यांना लांब ठेवलं. पण उठून गेल्या नाहीत. काही वेळानं पदरानं तोंड पुसलं आणि पाठ तशीच ठेवून म्हणाल्या,

"थांबलात का? अजून सव्वाचार व्हायचेत. सांगा पुढे."

काका सांगू लागले.