नळीच्या तोंडाला कुंकू

तीन वर्षं मी आमच्या प्रदूषण तपासणीच्या ऑफिसात एकच रडगाणं गात होते: मातीचे नमुने घ्यायला ते हाताने फिरवायचं गिरमिट नको, नळीवालं यंत्र द्या. गिरमिट वरची माती खाली आणि खालची वर करतं. मग विष कुठल्या थरात आहे ते सांगणार कसं? यंत्राची पोलादी नळी ठोकून जमिनीत घालतात आणि तिच्या आतल्या प्लॅस्टिकच्या नळीत माती थरांसकट जशीच्या तशी वर येते. अखेर यंत्र आलं आणि पहिलं काम मिळालं ते रोडपालीच्या खाडीकडचं.

तिथे रसायनांचं एक बंद गोदाम होतं. आवारात पिंपं गंजून पडली होती. कुंपणाला लागून एका कोळी बाईंचं घर, विहीर आणि माठाचे दोन वाफे. विहिरीच्या पाण्याला औषधासारखा वास येत होता. माती गोदामामुळे बिघडली हे सिद्ध झालं, तरच मालकाला ती उपसून न्यावी लागणार होती. "बाय, नीट खोल बघ," असं त्या मला चारदा म्हणाल्या.

यंत्र उभं राहिलं तसे आमचे ड्रिलरकाका अडून बसले. "मॅडम, नवं यंत्र हाय. पूजेबिगर चालू नाय करनार." बाईंनी हौसेने घरातून नारळ आणि कुंकवाचा करंडा आणला. काकांनी नळीच्या तोंडाला, माती जिथून आत शिरते तिथेच, कुंकवाची बोटं ओढली. मीही हात जोडले, फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. प्रत्येक खड्ड्याआधी नळी धुवायची, हा नियम मीच लोकांना शिकवते. पण पूजेचं कुंकू लगेच कसं पुसायचं, म्हणून पहिल्या खड्ड्यात नळी तशीच जाऊ दिली. आजही स्वतःचा राग येतो.

नमुने मात्र देखणे आले. वर मुरमाचा भराव, खाली खाडीचा काळा चिखल आणि मध्ये वीतभर पिवळट थर. वासाने डोळे चुरचुरले. पाचही खड्ड्यांत तो थर होता. मी मनात म्हटलं, सापडलास!

प्रयोगशाळेने त्या थरात शिसं दाखवलं. अहवालाच्या बैठकीत मालकाच्या सल्लागाराने मी काढलेला पूजेचा फोटोच पडद्यावर लावला; ग्रुपवरून तो त्याच्यापर्यंत पोचला होता. स्वस्त कुंकवात शिसं असू शकतं म्हणाला, नळी धुतल्याची नोंद दाखवा. दुसऱ्या खड्ड्यापासून आम्ही नळी धुतली होती, पण वहीत लिहिलं नव्हतं. पाचही नमुने बाद झाले.

पुन्हा नमुने घ्यायची परवानगी मिळेपर्यंत मालकाने प्लॉटवर दगडांचा भराव टाकून घेतला. इतक्या वर्षांनी मिळालेलं माझं यंत्र त्या धोंड्यांवर नुसतं टणटण वाजत राहिलं.

बाईंना सांगायला मीच गेले. त्या वाफ्यातला माठ उपटत होत्या.

"म्हंजे माजे कुंकवानंच घात केला?"

"नाही, चूक माझी. मी नळी धुवायला हवी होती."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. कुंपणापलीकडे बघत म्हणाल्या, "माजा चिमूटभर कुंकू दिसला त्यांना. येवरी पिंपा नाय दिसली?"

मग हातातली जुडी त्यांनी माझ्यापुढे धरली. "ही भाजी खाऊ का नको, येवरा तरी सांग."