रुबीनाच्या प्लेटा

नवऱ्याला नाही, आईला नाही — ही गोष्ट मी आजवर कुणासमोर काढलेली नाही. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही.

नाशिकच्या एका कॉलेजात रुबीना आणि मी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. ती घोटीची. रत्नागिरीच्या खडकांवरून तिनं समुद्री स्पंज आणला होता. स्पंज म्हणजे खडकाला चिकटून राहणारा प्राणी; त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. मग जिवाणूंपासून तो वाचतो कसा? — हा तिचा प्रश्न. त्याच्या अर्काचा थेंब पडला, की जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटमधल्या थरात मोकळा गोल उमटायचा. अर्क जिवाणूंच्या आवरणालाच भोकं पाडतो, हेही तिनंच दाखवलं. एक लाल रंग असतो; शाबूत आवरणातून तो आत शिरत नाही. अर्क घातल्यावर सगळे जिवाणू लाल. "बघ ना," म्हणत तिनं मला मायक्रोस्कोपपाशी ओढलं. मी पाहिलं. आनंद झाला नाही — माझं काम तेव्हा कुठंच सरकत नव्हतं.

मग तिच्या अब्बांचं ऑपरेशन निघालं. प्लेटा माझ्यावर सोपवून ती घरी गेली. सरांनी सहज विचारलं, "तिचं काम नीट चाललंय ना?"

आणि मी — मी म्हणाले, "सर, प्लेटांत कंटॅमिनेशन आहे, बाहेरचे जंतू शिरलेत. तिला माहीत आहे, तरी..."

काहीही नव्हतं. प्लेटा स्वच्छ होत्या.

सरांनी त्या पाहिल्याही नाहीत. माझ्यावर विश्वास होता. विषय मला दिला. तिनं कारण विचारलं तर म्हणाले, "तुझं तुला माहीत आहे." ती माझ्याकडे येऊन रडली. "सरांनी फसवलं गं मला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सरांना नावं ठेवली. वर तीच मला म्हणाली, "घे तू विषय, तुझा काय दोष?"

मी तेच प्रयोग केले. तेच लाल जिवाणू. पेपर माझ्या नावावर, नोकरीही त्यावरच. ती पीएचडी सोडून देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवते.

परवा सर गेले. मी तिला फोन केला — येतेस का?

"ज्यानं फसवलं, त्याच्या दारात नाही येणार मी," ती म्हणाली.

मी म्हणाले, "बरोबर आहे तुझं."