चष्मा काढ ना, आत्या

माझी आत्या रफू करते. जिन्याखालची तिची खोली एवढी अरुंद की आम्ही दोघी आत बसलो तर तिसऱ्या माणसानं दारातूनच बोलावं. खिडकी एकच. आत्याची खुर्ची सकाळी तिच्या डावीकडे, दुपारनंतर उजवीकडे. सिगारेटनं जळलेली बाही, कसर लागलेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, असलं सगळं तिच्याकडे येतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती चार धागे उपसते आणि त्यांनीच भोक विणून काढते. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढे पसरते, हाताची घडी घालते आणि म्हणते, "शोधा."

गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करतं, उजेडाला धरतं.

"इथंच होतं ना हो?"

"मला काय विचारता? भोक तुमचं."

विसाव्या वर्षी ती कोटांच्या कारखान्यात हे काम शिकली. पुढे कारखाना बंद पडला. नंतर तिचे यजमान, माझे काकाही गेले. हे ती दोन वाक्यांत सांगते आणि तिसरं वाक्य हमखास विनोदाचं असतं. "काका गेले तेव्हा अंगावर माझाच रफू केलेला सदरा होता, तेवढी जाहिरात फुकट झाली," असं काहीतरी.

मला अडचण झाली ती या तिसऱ्या वाक्याची.

नाटकातून मी पत्रकारितेच्या वर्गात आले. व्हिडिओ आणि ग्राफिक डिझाइनही त्यातच शिकवतात. शेवटच्या सत्रात एका साध्या माणसावर चार मिनिटांची फिल्म करायची होती, सोबत पोस्टर. व्हिडिओच्या मॅडमनी माझं पहिलं चित्रण पाहिलं आणि पेनानं टेबलावर टकटक केलं.

"बाई गोड आहेत. पण संघर्ष कुठाय?"

"मॅडम, ती हसतेच सारखी."

"मग हसू थांबेल तिथं कॅमेरा ने."

मी नेला. खिडकीतला उजेड कमी पडत होता म्हणून दिवा लावला, तर आत्याच्या चष्म्यात दोन पांढरे गोल उमटले. डोळे दिसेनात. अशा वेळी दिवा वर उचलायचा, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण स्टँड खोलीत उघडत नव्हता आणि मला घाई होती.

"आत्या, चष्मा काढ ना."

"अगं, चष्म्याशिवाय मला सुई काय, तुझं नाकसुद्धा दिसत नाही. आणि ते काही लहान नाही."

"दोन मिनिटं फक्त. सुईत धागा ओव."

तिनं चष्मा मांडीवर ठेवला. धागा सुईच्या शेजारून गेला. दुसऱ्यांदा सुई बोटाला टोचली. तिसऱ्यांदा तिनं ओठ घट्ट मिटले, कपाळाला आठी पडली, आणि मॅडमना हवं होतं ते सगळं माझ्या पडद्यावर आलं. इथपर्यंत नुसता आळस होता. यापुढचं मात्र मी कळून सवरून केलं.

"सुंदर! पुन्हा एकदा. आणखी हळू."

"आणखी हळू म्हणजे मी झोपेन हं," असं म्हणून तिनं पुन्हा केलं. तिचं वाक्य मी संकलनात कापलं.

पत्रकारितेच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: घडलेलं टिपायचं, घडवायचं नाही. खाली दोन रेघा. त्या वहीवर लॅपटॉप ठेवून मी ते दृश्य फिल्मच्या शेवटी जोडलं आणि माझ्या कमावलेल्या आवाजात म्हटलं, "नजर विझत चालली आहे. सुई मात्र थांबत नाही." पोस्टरवर सुईचं नेढं, त्यामागे आत्याचा धूसर डोळा, आणि शीर्षक: 'विझत्या नजरेची सुई'. ग्राफिक्सचे सर म्हणाले, मोकळी जागा फार छान सोडलीस.

पहिला नंबर आला. कॉलेजनं फिल्म इंटरनेटवर टाकली. अकरा हजार लोकांनी पाहिली.

आत्यानं ती माझ्या मोबाइलवर पाहिली. "चष्म्याशिवाय बरी दिसते की मी! पण विझती नजर म्हणजे काय गं?"

"काव्यात्म आहे ते."

"असेल बाई. तू शिकलेली." आणि पोस्टरची गुंडाळी काखेत मारून ती स्वतःच लाँड्रीवाल्या काकांकडे गेली. तिचं बहुतेक काम त्यांच्याकडूनच यायचं. "भाची माझी पत्रकार झाली," म्हणून तिनं ते त्यांच्या दुकानात लावायला लावलं.

दीड महिन्यानं मी गेले तर आत्या खिडकीशी बसली होती. हातात स्वतःचाच जुना स्वेटर. तो ती उसवून पुन्हा रफू करत होती.

"काम नाही?"

"लोक हल्ली फाटके कपडे टाकूनच देतात बहुतेक. नाहीतर जपून वागायला लागलेत. माझ्या पोटावर पाय."

ती हसली. मी थेट लाँड्रीत गेले. काउंटरच्या मागे, इस्त्रीच्या वाफेनं जरा फुगलेलं माझं पोस्टर होतं.

"काका, आत्याकडे गठ्ठा का जात नाही?"

त्यांनी आवाज हळू केला. "पोरी, तुझी फिल्म पाहून माझी बायको रडली. या वयात त्यांना किती छळायचं? आणि गिऱ्हाईक हे चित्र बघतं अन् विचारतं, माझा कोट यांच्याकडेच देणार का? मी काय सांगू?"

"तिला दिसतं, काका. चष्मा लावून अगदी स्वच्छ दिसतं. मीच काढायला लावला होता."

"का?"

"दिवा चकाकत होता."

"मग तसं फिल्ममध्ये सांगायचं होतंस."

"त्यात काही... उठाव नव्हता."

'उठाव' हा शब्द त्या काउंटरवर धुवायच्या कपड्यांमध्ये पडून राहिला. काकांनी एका शर्टाची घडी घातली.

"त्यांना माहितीये हे?"

"नाही."

"मग माझ्यापाशी काय सांगतेस?"

परतीची दहा मिनिटांची वाट मी अर्धा तास चालले. जिन्याखालच्या दारात पोचले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

आत्यानं सुई स्वेटरला खोचली. "म्हणजे तुला ठाऊक होतं मला दिसतं ते."

"हो."

"आणि तरी लिहिलंस."

मी मान हलवली. तिसऱ्या वाक्याची वाट पाहिली. आलं नाही. तिनं चष्मा काढला, पदरानं... नाही, हेही मी रचतेय. तिनं काहीच केलं नाही. खिडकीबाहेर बघत बसली, आणि थोड्या वेळानं मी घरी गेले.

कॉलेजात मॅडम म्हणाल्या, फिल्म स्पर्धेला गेलीय, आता काढता येणार नाही. हवं तर खाली खुलासा लिही. मी लिहिला. कोण वाचतं?

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. "कॅमेरा घेऊन ये. दिवा नको."

ती चष्मा लावून बसली होती. काचांमध्ये खिडकी चमकत होती, डोळे दिसत नव्हते, आणि दोन्ही काचांत कॅमेरा धरलेली मी दिसत होते. तिनं सुईत एका फटक्यात धागा ओवला.

"झालं. कापू नकोस कुठे."

ते नऊ सेकंदांचं चित्रण मी खुलाशासह टाकलं. त्रेचाळीस लोकांनी पाहिलं. त्यातले एक लाँड्रीवाले काका, कारण त्यांच्यासमोर मोबाइल मीच धरला. सोबत तो स्वेटर नेला होता.

"शोधा," मी म्हटलं. आत्यासारखं नाही जमलं.

त्यांनी शोधलं. बाही उलटी करून, दारात उजेडात जाऊन शोधलं. मग पोस्टर उतरवलं आणि एकच जाकीट माझ्या हातात दिलं. "साधं आहे. बघू. लोकांच्या डोक्यातून जायला वेळ लागेल."

पूर्वी गठ्ठा यायचा. ते एकटं जाकीट घेऊन मी आत्याच्या दारात उभी राहिले. तिनं ते घेतलं, उलटं केलं, भोकावरून अंगठा फिरवला, आतली शिवण उसवायला घेतली. मी काहीतरी बोलणार होते. अर्धं वाक्य तयारही होतं.

"सरक," ती वर न बघता म्हणाली. "उजेड अडवतेस."

मी सरकले.