गाव ओढ्याच्या पलीकडे आहे

"ये इकडं. तुझं घर काढून दाखव," सर म्हणाले आणि त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

फळ्यावर आधीच भलामोठा गोल काढलेला होता. गोलात लिहिलं होतं, गाव. गोलाच्या उजवीकडे नागमोडी रेघ, तो ओढा. रेघेच्या पुढं फळा संपत होता. मी खडू घेऊन उभी. पाठीमागं सगळा वर्ग. कुठं काढू घर? शेवटी फळ्याच्या लाकडी पट्टीवर एक ठिपका दिला. वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "बघा, आता या बाईंना कळलं, कोण कुठं आहे ते."

मी लातूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. सर मराठी शिकवायचे. घरात पिढीजात मास्तरकी, भाषा अगदी धुवून वाळवलेली. आदल्या आठवड्यात त्यांनी दृष्टिकोन शिकवला होता आणि छान शिकवला होता, ते मी नाकारत नाही. वर्णन करणारा जिथं उभा असतो तिथून वर्णन सुरू होतं, असं त्यांनी सांगितलं होतं. एकच झाड, पण वाटसरूला त्यात सावली दिसते, लाकूडतोड्याला सरपण दिसतं, पाखराला घर दिसतं. मी खुळी, मी ते खरं धरलं. आपापल्या गावाचं वर्णन लिहून आणा म्हणाले, तेव्हा मी मनानं आमच्या दारात जाऊन उभी राहिले आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'गाव ओढ्याच्या पलीकडे आहे.'

एवढंच माझं चुकलं.

आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्याच्या एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. डांबरी सडक येते ती आमच्या बाजूनं. एसटीतून उतरलं की आधी आमची घरं लागतात, मग पूल, मग गाव. तरी सगळा मुलूख आम्हाला पलीकडचे म्हणतो.

सरांनी माझं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि गाव कधी पलीकडे असतं का, असं वर्गाला विचारलं. मी उठून हळूच सांगितलं, की सर, मी आमच्या दारातून लिहिलंय. दृष्टिकोन वेगळा आणि वस्तुस्थिती वेगळी, असं म्हणून त्यांनी सुवर्णाला उभं केलं. सुवर्णा माझ्याच गावची, गावातल्या बागायतदाराची मुलगी. शनिवारी आम्ही एकाच गाडीनं गावाकडं जायचो, एकाच पुडीतल्या शेंगा खायचो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बेंचाकडं बघत बोलली.

"सर, यांची वस्ती पलीकडं हाय."

यांची. एसटीत मी 'तू' होते.

आणि मग तो खडू, ती लाकडी पट्टी. वाटसरूच्या नजरेला त्या वर्गात जागा होती. लाकूडतोड्याच्या नजरेला होती. पाखराच्या नजरेलासुद्धा होती.

तास संपल्यावर सरांनी बोलावून घेतलं. लेख चांगला उतरलाय, वार्षिकांकात घेतो, तेवढं पहिलं वाक्य सरळ करून दे, म्हणाले. रागावलेले नव्हते. मायेनंच बोलत होते, म्हणून जास्त लागलं. आणि छापून येण्याची मला भलती हौस होती. आमच्या घरात कुणाचं नाव कधी छापून आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मेसमध्ये सुवर्णा दुसऱ्या टेबलावर बसली. मी जेवण अर्धवट टाकून हॉस्टेलच्या गच्चीवर गेले आणि मायला फोन लावला. सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी चिडेल.

"मग त्येच्यात काय चुकलं बाई?" माय म्हणाली. "आपून पलीकडचेच की."

खाली रस्त्यावर क्लास सुटले होते, पोरापोरींचे लोंढे चालले होते. एवढ्या माणसांत मला बोलायला एक माणूस नव्हतं. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. शनिवारी गावाकडं निघाले ते वाक्य बदलून द्यायचं ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी यायची होती. गाडीवाला नवा, त्याला रस्ता माहीत नव्हता. मायनं दारात उभं राहून त्याला फोनवर सांगितलं, "पुलाच्या पलीकडं या भाऊ, पलीकडच्या वस्तीत." थोड्या वेळानं गाडी आली आणि आमच्या दारावरून तशीच पुढं गेली. माय हात वर करेपर्यंत पूल ओलांडून गावात शिरली. बिचारा सांगितल्याप्रमाणं पलीकडं गेला होता. गावात विचारत विचारत, वैतागून परत आला, तेव्हा माय उलट त्यालाच बोलली, की पलीकडं म्हणलेलं कळंना का तुमाला.

मला आधी हसू फुटलं. मग मी मायकडं नीट पाहिलं. माझी माय स्वतःच्या उंबऱ्यावर उभी होती आणि स्वतःच्या घराकडं गावातून बघत होती. आजीही तसंच बोलायची. मीसुद्धा तसंच बोलत लहानाची मोठी झाले. त्यासाठी कुणी आम्हाला मारलं नव्हतं की दम दिला नव्हता. एक शब्द तोंडात दिला होता आणि आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या चघळत बसलो होतो. फार राग आला. सरांचा आला, सुवर्णाचा आला, मायचाही आला. मी मायला म्हणाले, आपण अलीकडं आहोत, पलीकडं ते आहेत.

"लई शिकून राहिलीस तू," ती म्हणाली आणि टाकी आत ओढायला लागली.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, वाक्य बदलणार नाही."

एका शब्दासाठी एवढा हट्ट का, असं त्यांनी विचारलं. एकाच शब्दाचा प्रश्न आहे तर राहू द्या की, मी म्हणाले. त्यांनी नुकसान तुझंच आहे म्हणून समजावलं. मी लेख परत मागितला आणि त्यांनी तो दिला. बाहेर आले तर व्हरांड्यात कुणी नव्हतं. कुणीतरी थांबलं असेल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू. मायला कळलं तेव्हा सरासंगं भांडून कुठं जाशील, एवढंच तिचं म्हणणं. सुवर्णा त्यानंतर एसटीत पुढच्या सीटवर बसायला लागली.

वार्षिकांक निघाला. त्यात सुवर्णाचा लेख होता, आमच्याच गावावर. महादेवाचं देऊळ होतं, उसाचे मळे होते, तिच्या वडलांची देवणी बैलजोडी होती. आम्ही अगदी शेवटाकडं होतो. 'ओढ्याच्या पलीकडे काही घरे आहेत.'

काही घरे.

आता मी नांदेडला एम.ए. करते. एकटी खोली घेऊन राहते आणि त्या काही घरांवर लिहायला बसले आहे. जनाकाकूचं घर, हलगीवाल्या किसनमामाचं घर, नर्स झालेल्या कविताचं घर, आमचं घर. एकेका दारात उभी राहून, एकेकाचं नाव घेऊन लिहिणार आहे. कुणी छापलं नाही तरी लिहिणार, माय नाराज झाली तरी लिहिणार. आणखी कितीतरी मास्तर भेटतील, लाल पेनानं वाक्यं सरळ करून देतील. मी ती पुन्हा माझ्यासारखी करीन. वाचताना कुणाला उलटं वाटलं, तर त्यानं उठावं, पूल ओलांडावा, आमच्या दारात उभं राहावं आणि मग वाचावं. मी तिकडं जाऊन लिहिणार नाही.