समोरच्या दवाखान्याची पाटी

आमच्यासमोरच्या दवाखान्यावर अधूनमधून एक पाटी लागते: ‘डॉक्टर मैडम आज अपनी जाँच कराने गोंदिया गई हैं।’

ती डॉक्टर आणि मी एकाच कॉलेजात शिकलो, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एकाच रस्त्यावर दवाखाने थाटले. पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा मला बरंच वाटलं. जी स्वतःच दुसऱ्याकडून तपासून घेते, तिच्याकडे कोण जाणार? पण लोक पाटी वाचून कौतुकाने मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्याकडेच जात. ती रोज सकाळी वैनगंगेच्या काठाने फिरते, वेळेवर जेवते आणि कॉलेजात होती त्याहून बारीक आहे. हे शेवटचं मला फार खुपतं.

शिस्तीत मीही कमी नाही. सकाळी कामांची यादी करते, संध्याकाळी एकेकावर रेघ मारते. त्या यादीत मी नसायची, एवढंच. माझं ब्लड प्रेशर मीच बघायची, दोन पेशंटच्या मध्ये, बाहीवरूनच पट्टा गुंडाळून. आकडा वर गेला की त्याला सूट: चहा झालाय, जिना चढलेय. औषध कंपन्यांचे लोक नमुन्याच्या गोळ्या ठेवून जात, त्यातल्याच घ्यायची. एकीच्या संपल्या की दुसरीच्या. पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

एका सकाळी चिठ्ठी लिहिताना अक्षरं पुसट झाली. नवरा म्हणाला, “चल, समोर दाखवू.”

“तिले? काहून? मले समजत नाही का?”

“समजते ना. म्हणूनच तर दिसेनासं होऊन राह्यलं.”

“गोंदियाले जाऊ.”

“हौ, अन् रस्त्यात काही झालं म्हणजे?”

समोरच गेलो. तिच्या बाकावर माझीच एक जुनी पेशंट बसली होती. सरकून जागा देत म्हणाली, “मॅडम, तुमी बी इथंच दाखवता का?”

डॉक्टरने मला लगेच आत घेतलं. “बाही वर कर.”

“सैलच आहे.”

“कर वर.” दोन्ही हातांवर प्रेशर बघून तिने विचारलं, “कोणती गोळी घेऊन राह्यली?”

मी सांगितली. त्याआधीची सांगितली. त्याच्याही आधीची.

“पोटात मेडिकल उघडलं का वो?”

तिने औषध दिलं, तिथेच झोपवून ठेवलं. दुपारी प्रेशर उतरलं, अक्षरं दिसू लागली. मग म्हणाली, “उद्या गोंदियाले जा. डोळे, रक्त, सारं तपासून ये. दवाखाना बंद ठेव.”

“अन् माझे पेशंट?”

“मी पाहीन.”

याचीच मला भीती होती. दुसऱ्या दिवशी गोंदियाला निघण्याआधी मी माझ्या दारावर तशीच पाटी लावली. तिच्यापेक्षा मोठी. खाली लिहिलं, ‘कल यहीं मिलेंगी।’ ‘यहीं’खाली जाड रेघ मारली.