शिवेवर न थांबलेली मोटार

माझी पाठवणी मोटारीतून झाली... अंबडच्या बाजूला माझं माहेर, बदनापूरला सासर. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. (मी बोलून राह्यले, नात टाइप करून राह्यली. चुका तिच्या, गोष्ट माझी.)

आमच्या गावातून मोटारीत बसून सासरी जाणारी मीच पहिली. सासऱ्यांनी ऐनवेळी जालन्याहून भाड्यानं मागवल्ती. लोक नवरदेवापेक्षा मोटारच जास्त बघत होते... तशी ती दिसायला उजवी होतीच.

मला वाढवलं आत्यानं. मी रांगत होते तेव्हाच आई गेली. पण आत्या विधवा... मांडवात यायचं न्हाई, हळदीला हात लावायचा न्हाई, पाठवणीला समोर यायचं न्हाई. रोज माझी वेणी घालणारे हात त्या दिवशी अशुभ ठरले.

आत्या मात्र हुशार. नवरीची बैलगाडी गावाच्या शिवेवर थांबते, नारळ फुटतो, मगच पुढं जाते. म्हणून ती आधीच जाऊन शिवेवरच्या बाभळीखाली उभी राह्यली. मला डोळे भरून बघायचं, डोक्यावर हात ठेवायचा, एवढंच तिचं मागणं. आदल्या दिवशी माझ्या कानात सांगून ठेवलं होतं. मोटारीचं तिला कोणी सांगितलंच न्हाई.

इकडं सासऱ्यांना घाई. "दिवस मावळायच्या आत सून घरात पाहिजे. हाण जल्दी! नारळ पुढं ओढ्यावर फोडू."

ड्रायव्हरनं हाणली. शीव आली, बाभूळ आली, आत्या दिसली... मी म्हणाले, "थांबवा की!" पण त्या इंजिनाच्या आवाजात नव्या नवरीचा आवाज कोणाला ऐकू जातो? मागं वळून बघितलं तर नुसता फुफाटा.

जालन्याच्या अलीकडं पोलिसानं हात दाखवला. एक शिपाई अलीकडं, एक पलीकडं, हातात घड्याळ. मधला रस्ता मोटारीनं किती वेळात कापला ते मोजत होते.

"वेगाची पाटी दिसली न्हाई का?" हवालदारानं ड्रायव्हरला विचारलं.

सासरे खाली उतरले. "हवालदारसाहेब, लग्नाची गाडी हाय. नवरी बसलीय आत."

"नवरीला दंड न्हाई, मामा. मोटारीला हाय."

"मुहूर्ताचा तरी विचार करा!"

"मुहूर्त तुमचा, रस्ता सरकारचा. वस्तीजवळ सावकाश म्हणजे बिलकुल सावकाश."

दंड झाला, समज दिली, वर तिथंच बसवून ठेवलं. घाईनं वाचवलेला वेळ रस्त्याकडच्या लिंबाखाली गेला. मी आत बसून रडत होते, सासरे म्हणाले, "पोरगी दंडाला भ्याली." मला वेगळंच सलत होतं... पोलिसासाठी थांबली, म्हणजे मोटारीला थांबता येत होतं.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आत्यानं तिची बाजू सांगितली. दुपारी मोटार येताना तिनं बघितल्ती. वाटलं, लग्नाला कोणी साहेब आला. दिवस कलल्यावर तीच मोटार धूळ उडवत गेली, अंगभर माती... "मंग मी बी घातल्या की शिव्या, 'जळो तुझं तोंड, न्हाई सुखानं पोचणार!'" आणि तशीच बैलगाडीची वाट बघत उभी राह्यली, दिवेलागणीपर्यंत. मोटारीत मी होते हे तिला घरी आल्यावर कळलं.

तेव्हा आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो.

पुढच्या वर्षी माझं पहिलं बाळ गेलं. आत्या मला भेटायला आली ती उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "माझी जीभ लागली गं तुला."

मी समजावलं. आत्या, तापानं गेलं, शिवीनं न्हाई. दर भेटीला समजावलं. ती मान हलवायची, पण माझ्या डोक्यावर हात काही तिनं पुन्हा ठेवला न्हाई. शेवटपर्यंत न्हाई.

परवा नातवाला वेगाचा दंड झाला, तो कुरकुर करून राह्यला. "आजी, गाव अगदी सामसूम होतं गं. रस्त्यावर कोणीच नव्हतं."

मला अक्षर येत न्हाई, पाटीवरचा आकडा मी कधी वाचला न्हाई. त्याला एवढंच विचारलं... बाबा, त्या वेगात तुला कोणी दिसलं असतं का?